जेवायचं कोन ऱ्हायलंय?

हॉटेल शिवार वाढवायला बरोब्बर पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात बायामावशी कुणाचं ऐकत नाही.

टाकव्याच्या पुढं, रस्ता धरणाच्या अंगाला वळतो तिथं हे हॉटेल. पत्र्याची शेड, बारा टेबलं, मागं तीन चुली. सकाळी अकराला उघडायचं, चारला शेवटची थाळी, पावणेपाचला शटर खाली. रात्रीचं जेवण नाही. कारण वरच्या वाड्यांकडं जाणारी शेवटची जीप पावणेपाचला दारावरून जाते आणि भाकरी थापणारे हात त्याच जीपनं घरी जातात. पुण्यामुंबईच्या माणसांना हे काही केल्या पटत नाही. "अहो पण साडेचारच तर वाजलेत! एकच थाळी द्या ना मावशी, प्लीऽऽऽज." त्या 'प्लीज'ला अशी लांब शेपटी असते की ती टेबलाखालून सरपटत थेट चुलीपर्यंत येते. मावशी मान वर न करता सांगते, "चूल निजली." विषय संपला. निजलेल्या चुलीला उठवायची छाती मालकाचीसुद्धा नाही.

मालक सुहासशेठ. त्यांच्या जिभेला दोन गिअर. गिऱ्हाईक आलं की पहिला: "या सर, बसा मॅडम, आपल्याकडे सगळं चुलीवरचं, इंद्रायणी तांदूळ घरचा." तोंड चुलीकडं वळलं की दुसरा: "आरं सा नंबरला पानी न्हाई, दिसत न्हाई का डोळ्यांनी?" दोन्ही एकाच दमात, मध्ये श्वाससुद्धा न घेता. नवीन माणूस मागं वळून बघतो, हा दुसरा कोण बोलला म्हणून.

तर वाढवण्याची रीत अशी. आधी चुलीतली लाकडं मागं ओढायची, निखाऱ्यावर राख लोटायची. तवे भिंतीला उभे टेकवायचे. पालथा तवा मावशीला खपत नाही; पालथा घालतात तो घरात मयत झाल्यावर. पीठ मळायची काथवट खरवडून तिचं धुवण बादलीत, बादली शेजारच्या म्हशीला. खुर्च्या टेबलांवर. आणि सगळ्यात शेवटी टोपल्यात दोन भाकऱ्या आणि वाडग्यात पिठलं, झाकून बाजूला. हे कुणाचं ते तेव्हा ठरलेलं नसतं. ते हाक दिल्यावर ठरतं.

हाकेची पद्धत हौशीरामभाऊंची. आपल्याकडं लग्नात, बारशात, दहाव्याला पंगती उठत आल्या की कुणीतरी माईकवर सांगतंच, "जेवायचं कुनी ऱ्हायलं असंल तर मांडवात यावं, ही शेवटची पंगत हाय." टाकव्यापासून वरच्या खोऱ्यापर्यंत हे सांगायचं काम चाळीस वर्षं हौशीरामभाऊंचं, आणि त्यांना माईक लागत नव्हता. त्यांचा आवाज म्हणजे पत्र्यावरून ओढत नेलेली लोखंडी खाट. नवरानवरी बोहल्यावर दचकायची. पुढं साठी झाल्यावर शेती पोराच्या हवाली करून ते शिवारमध्ये ऑर्डर सांगायला आले. "दोन पिठलंऽऽ, कांदा फोडूऽऽन!" आणि ती पंगतीची सवयही बरोबर घेऊन आले. शटर ओढण्याआधी पायरीवर उभं राहायचं, तोंड डोंगराकडं, उजवा हात गालाला, आणि तीनदा: "जेवायचं कोऽऽन ऱ्हायलंय काऽऽ?"

पहिली ओ डोंगर देतो. भाऊ म्हणायचे, "डोंगराची धरायची न्हाई. मानसाची धरायची." मग ते थांबायचे. कधी खालून एखादा गुराखी यायचा, कधी खांबावरून उतरलेला लाईनमन, तर कधी धुक्यात रस्ता चुकलेलं, नखशिखांत भिजलेलं जोडपं: "हॅलोऽऽ? भैय्या, हम इधर हैंऽऽ!" जो येईल त्याच्यापुढं त्या दोन भाकऱ्या. त्या ताटाचं बिल नाही. आणि कुणीच आलं नाही तर भाऊ स्वतः पायरीवर बसून त्या खायचे. हॉटेलात सगळ्यात शेवटी जेवणारा माणूस तोच. "ऱ्हायलेला मीच हाय म्हनायचा," असं म्हणत कांदा बुक्कीनं फोडायचे.

त्यांना जाऊन या श्रावणात दोन वर्षं झाली.

त्या दिवशी सुहासशेठ कामशेतला गेले होते. भाऊंची बायको कस्तुराबाई देहूरोडला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. हॉटेलात भाऊ आणि बायामावशी, दोघंच. साडेचारला वरची टाकी भरून वाहायला लागली, पत्र्यावर पाणी धो धो. भाऊ म्हणाले, "बाया, मी मोटर बंद करून येतो. तवर तू हाक दे." आणि खाली ओढ्याकाठच्या विहिरीकडं उतरले.

बायामावशी पायरीवर आली. धुकं पहिल्या टेबलापर्यंत शिरलेलं. पायरीवर चार मोटारसायकलवाले रेनकोट चढवत होते. त्यातल्या एकानं तिला गालाशी हात नेताना बघितलं. "अरे, मावशी पण ओरडणार! एक मिनिट हं, एक मिनिट, रेकॉर्ड करतो. हां, मावशी... ॲक्शन!" बाकीचे तिघे फिस्सकन हसले. मावशीचा हात गालावरून खाली आला. पन्नास वर्षांची बाई, वाडीवर जन्म गेला, बोलली की शहरातली माणसं तिचंच बोलणं तिला परत बोलून दाखवत. हाक तर लांबच. तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्नवर कोपर ठेवलं. "मावशेऽऽ, येती का जाऊ?" घरी लेकीची पोर दोन दिवस तापानं फणफणलेली. मावशीनं मनाशी म्हटलं, भाऊ खालच्या खाली ओढ्यावरच्या साकवावरून पलीकडं घरी गेलं असतील. जायचे ते कधी कधी. तिनं शटर ओढलं. दोन भाकऱ्या आत टोपल्यातच राहिल्या.

सकाळी भाऊ उघडायला आले नाहीत म्हणून सुहासशेठ शोधत खाली गेले. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर भाऊ पाठ टेकून बसल्यासारखे होते. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. कधी आला, ते नेमकं सांगता येत नाही. दुपार, संध्याकाळ, रात्रसुद्धा.

शेठ धापा टाकत वर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न मावशीलाच विचारला. त्या दिवशी त्यांच्या जिभेला एकही गिअर सापडत नव्हता. "मावशी, काल... हाक दिलीवती ना?"

आणि मावशीच्या तोंडानं मावशीला न विचारता सांगून टाकलं, "दिली की. तीन."

पुढं हवालदारानं विचारलं. तीन. गावानं विचारलं. तीन. तिसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं विचारलं. भिंतीला टेकून बसलेली, तीन दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही, डोळे कोरडे.

"तीन दिल्यास?"

"व्हय वैनी."

"मंग त्यो तवाच गेलता." कस्तुराबाई म्हणाली. "जित्ता असता तर ओ दिली असती. माझ्या हाकंला कदी दिली न्हाई मुडद्यानं, पन जेवनाच्या हाकंला दिलीच असती." घरात बसलेल्या बायका रडता रडता फसकन हसल्या. "म्हंजे लय येळ न्हाई झाला त्याला. तळमळत न्हाई पडला रातभर." आणि तिनं हात पुढं करून म्हटलं, "च्या दे गं कुनीतरी."

तो कप तिच्या हातातून काढून घ्यायची हिंमत कुणाला झाली असती? बायामावशीला नाही झाली.

खोटं रोज घासलं की पितळीसारखं चकाकतं. कस्तुराबाई प्रत्येक सणाला यायची, मोरीपाशी बसायची आणि म्हणायची, "सांग गं परत." मग मावशी सांगायची. आधी सरळ: दिल्या तीन. दसऱ्यापर्यंत त्यात धुकं आलं. दिवाळीत गालाशी हात आला. पुढच्या वर्षी डोंगराची ओ आली, दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये आलेला ठसकासुद्धा आला. कस्तुराबाई डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच दुरुस्ती करायची, "मागल्या टायमाला म्हनलीस वारा हुता." "हुता की. बारीक." असं ते दोघींचं चाले. मावशीला कधी कधी आपण खरंच हाक दिली होती असं ऐकू यायचं. ते ऐकू यायला लागलं की ती उठून भांडी घासायला जायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण भाऊ गेले त्याच वर्षीच्या दसऱ्याला संदेश वेटर म्हणून आला होता.

संदेश भाऊंच्याच गावचा, तिशीतला, आणि नकलांचा किडा. एसटीचा कंडक्टर, गिरणीवाला, उरसातला पाळणेवाला, सगळे त्याच्या गळ्यात भाड्यानं राहायला. पहिल्याच दिवशी तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "दोन पिठलंऽऽ, कांदा फोडूऽऽन!" मावशीच्या हातातली अर्धी थापलेली भाकरी राखेत पडली. तीच खाट, तोच पत्रा. आणि साडेचारला तो पायरीवर उभा राहिला, गालाशी हात नेला आणि भाऊ बोलले. कुणाला खोटं वाटेल, पण खोऱ्यातली दोन कुत्री शेपटी हलवत आली, भाऊंच्या वेळी रोज यायची तशी.

पर्यटकांना ते भारी आवडलं. मोबाईल वर करून उभे राहायचे. "वन्स मोर, दादा, वन्स मोर!" सुहासशेठनी पाटी रंगवली: 'दुपारी ४.३० वा. शेवटची हाक. अस्सल मावळी परंपरा.' संदेशचंही वाईट काही नव्हतं. तो म्हणायचा, "भाऊंचा आवाज असा वाया घालवायचा का? म्या ठिवला जपून."

जपून ठेवलेला तो आवाज बायामावशीला रोज साडेचारला एकच प्रश्न विचारायचा. ती चुलीकडं तोंड करून उभी राही. पहिली हाक. डोंगर. दुसरी हाक. डोंगर. ठसका. तिसरी. आणि मग, सगळं शांत झालं की, खालून विहिरीच्या अंगानं तिला ओ ऐकू यायची. ओरडून नव्हे. भाऊ मीठ मागायचे ना, तितक्या साध्या आवाजात.

"मी ऱ्हायलोय की."

तिनं संदेशकडं बघावं, तो खुर्च्या उचलत असायचा. शेठ फोनवर असायचे. कुणालाच काही नाही. मग ती झाकलेल्या दोन भाकऱ्या घ्यायची, खाली उतरायची आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवून मागं न बघता जीप पकडायची. दुसऱ्या दिवशी कठडा रिकामा. मुंगूस असेल, कावळा असेल. तिनं स्वतः मात्र त्या हॉटेलात दोन वर्षं घास घेतला नाही.

नवऱ्याला, कान्हूला, तिनं एकदा आडून आडून सांगून बघितलं. कान्हू शेळ्यांमागं जन्म काढलेला माणूस, घाबरेल तर शपथ.

"बाया, भूत जेवत न्हाई."

"तुला काय ठाव?"

"जेवत असतं तर आपल्या वाडीत एक भाकर उरली नसती. मेलेल्या म्हाताऱ्यांनी सारी टोपली खाली केली असती." आणि कुशीवर वळून घोरायला लागला. मावशी त्याच्या घोरण्यात काही शब्द ऐकू येतात का, ते बघत पहाटेपर्यंत जागी.

या श्रावणात संदेशला तळेगावच्या एका कंपनीत बोलावणं आलं. रविवारी त्यानं शेवटची हाक दिली, पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी तो कंपनीचा गणवेश शिवून घ्यायला गेला. सोमवारी दुपारी बायामावशीनं दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आज हाक नाही. आज कुणी काही विचारणार नाही.

पण सुहासशेठ काही कच्चे नव्हते. त्यांनी डबीएवढा स्पीकर आणून गल्ल्यावर ठेवला. "रेकॉर्ड करून घेतलंय मी त्याचं. बटण दाबलं की भाऊ हजर. काय?"

मावशीला त्या डबीकडं बघवेना.

आणि नेमकी त्याच सोमवारी, भाऊंची तिथी म्हणून, साकवावरून छत्री टेकत कस्तुराबाई आली. काठीसारखी वाळलेली बाई, पण जिभेला अजून धार. आज ती मोरीपाशी नाही बसली. टेबलापाशी बसली, पाहुण्यासारखी. जेवली. "सुहास, पिठलं पातळ केलंयस. पर्यटक वाढलं का पीठ महागलं?" शेठ हसले आणि स्पीकर पुसत म्हणाले, "काकू, थांबा, तुम्हाला काकांचा आवाज ऐकवतो."

"त्यो आवाज मी चाळीस साल ऐकला. डबीत कशाला घालतुयास?" कस्तुराबाईनं बोटं चाटली. "हाक बाया दील."

मावशीच्या हातातलं फडकं थांबलं. "मी? न्हाई बया. माझा घसा बसलाय."

"सकाळपास्नं 'ताटं उचला, ताटं उचला' करून वरडतीस, त्यो घसा कुनाचा?"

"मला न्हाई जमायचं वैनी."

"त्या दिशी जमलं की." कस्तुराबाई उठून जवळ आली. आता तिची धार गेली होती. "हे बघ. दोन साल तू सांगतीस, मी डोळं मिटून ऐकती. पन सांगनं ते सांगनंच. त्यानं जाताना काय ऐकलं, ते मला ह्या कानांनी ऐकायचंय. त्या दिशी दिलीस तशी दे. एकदाच. मंग न्हाई मागायची मी कायबी."

शेठनी खिशातून मोबाईल काढला. "आन् तू त्यो खिशात घाल," ती म्हणाली. शेठनी घातला.

साडेचार झाले. गिऱ्हाईक उठून गेलेलं. धुकं पायरीला लागलं होतं, पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. बायामावशी पायरीवर आली. मागं कस्तुराबाई, डोळे आधीच मिटलेले, तोंड किंचित वर, देवाच्या आरतीला उभी राहावी तशी.

मावशीच्या मनात दोनच गोष्टी होत्या. हाक चांगली दिली, तर आतापर्यंत नुसतं तोंडात असलेलं खोटं उठून उभं राहील, कायमचं. ही बाई ते उराशी धरून मरेल, आणि कदाचित सुखानं मरेल. आणि नाही दिली, तर तो चहाचा कप आज, दोन वर्षांनी, तिच्या हातातून हिसकावून घेतल्यासारखं होईल. तिनं ठरवलं. द्यायची. भाऊंची सगळी हाक तिला पाठ होती, कुठं ताणायचं, कुठं सोडायचं, ठसका कुठं. रोज ऐकलेली. दोन वर्षं सांगितलेली.

तिनं गालाशी हात नेला, तोंड उघडलं, आणि गळ्यातून जे बाहेर आलं ते भाऊंचं नव्हतंच.

"हुर्रऽऽ होऽऽ होऽऽ, जेवायचं... कोन... होऽऽ!"

तिच्या गळ्याला आयुष्यात एकच हाक माहीत होती, सांजच्याला माळावरून शेळ्या घरी बोलावायची. शब्द त्यात अडखळले, आपटले, मध्येच विरले. डोंगरानं ते सगळं गोळा केलं आणि परत पाठवलं, आणि मावशीला तो आवाज कुणाचा ते ओळखू आलं नाही. कुणीतरी लांब, पार वर, फार जुनं माणूस रडतंय असं वाटलं. शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

कस्तुराबाईनं डोळे उघडले.

"ही पयलीच हाय तुझी," ती म्हणाली.

"काकू, तिला सराव नाही ना, दोन वर्षं..." सुहासशेठ मध्ये पडले.

"सुहास, तू गप ऱ्हा. हाक मारनाऱ्याच्या घरात चाळीस साल नांदले मी. ज्यानं एकदा दिलीया त्याला दम कुटं घ्यायचा ते ठाव असतं. पयली हाक अशीच फुटती, कुनाचीबी. त्याची बी फुटलीवती. आमच्याच लग्नात." ती मावशीकडं वळली. "त्या दिशी दिली न्हाईस."

मावशीनं दोन वर्षांत ती गोष्ट घासून घासून केवढी लांब केली होती. खरी गोष्ट निघाली तेवढीशी.

"न्हाई दिली. पोरं हसली, मला लाज वाटली. जीप आली. घरी पोर तापली हुती. वाटलं, भाऊ घरी गेलं."

धुकं आता टेबलांच्या मधून फिरत होतं. शेठ स्पीकरचं बटण उगाच दाबत होते आणि सोडत होते, बंद स्पीकरचं.

"पोर बरी झाली?" कस्तुराबाईनं विचारलं.

"झाली."

"केवढी हाय आता?"

"पयलीत जाती."

कस्तुराबाईनं मान हलवली. मग बराच वेळ विहिरीच्या बाजूला बघत राहिली, दिसत काही नव्हतंच. "म्हंजे तवा जित्ता असंल बी."

मावशी म्हणाली, "असंल."

"हाक आली न्हाई म्हनून बसला असंल वाट बघत. त्याला सवयच. हाक झाल्याबिगर जेवायचा न्हाई." हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

जीप आली. कोपर हॉर्नवर. "मावशेऽऽ, येती का जाऊ?" मावशी हलली नाही. ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं, मग शिवी हासडली, मग गेला. लाल दिवे धुक्यात थोडा वेळ दिसले.

"दोन ऱ्हायल्यात," कस्तुराबाई म्हणाली.

"काय?"

"तीन देत्यात. एक झाली. दे."

बायामावशीनं दुसरी दिली. तिसरी दिली. तिसरीत शब्द जरा धड आले. डोंगरानं ओ दिली. त्याच्यानंतर मावशी कान देऊन उभी राहिली, खालून मीठ मागितल्यासारखा तो आवाज आता येईल म्हणून. आला नाही. नुसताच ओढा वाहत होता, आणि ते जास्तच वाईट होतं. कारण इतके दिवस निदान कुणीतरी होतं.

वळून बघते तर कस्तुराबाई पायरी उतरून गेलेली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. छत्री साकवापर्यंत दिसली, मग तीही नाही.

रात्री सहा किलोमीटर चालत वाडीवर पोचल्यावर कान्हूनं विचारलं, "उशीर का?" मावशी म्हणाली, "काम हुतं."

दुसऱ्या दिवशी सुहासशेठ स्पीकर चार्ज करून घेऊन आले. पण साडेचारला त्यांनी बटणापर्यंत बोट न्यायच्या आत बायामावशी पायरीवर जाऊन उभी राहिली होती. टेबलापाशी अजून दोन मुली होत्या, त्यातली एक मोबाईल सरसावत म्हणाली, "आंटी, स्माइल!" आंटीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिली. दुसरी. तिसरी. डोंगराची ओ आली आणि गेली.

मग ओढ्यापलीकडून, धुक्याच्या पोटातून, एक चिरका आवाज आला.

"जेवलेऽऽ!"

शेठच्या हातातून स्पीकर निसटता निसटता राहिला. "मावशी, हे काय?"

"वैनी हायेत," मावशी म्हणाली आणि शटरला हात घातला.

तेव्हापासून रोज असंच. पलीकडं कस्तुराबाई एकटी राहते. पोरगा पिंपरीला, लेक देहूरोडला. इकडून हाक गेल्याशिवाय ती जेवत नाही की आधीच जेवून बसते, ते कुणाला माहीत नाही. ओ मात्र तिची. आणि ती कधी द्यायची ते तिच्या मर्जीवर. एखाद्या दिवशी तिसरी हाक पुरी व्हायच्या आत: "जेवले गंऽऽ, वाढव!" एखाद्या दिवशी पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकतो. "मावशे, आज काय भूत यायचं हाय का जेवायला?" मावशी त्याच्याकडं न बघता नुसता हात वर करते. थांब. शेठ घड्याळ बघतात, खुर्च्या मोजतात. म्हातारी मुद्दाम गप्प बसलीय, की पडलीय कुठं चुलीपाशी, हे इकडच्या पायरीवरून कळायला काहीही मार्ग नाही. शटर तोवर वरच.

मागल्या आठवड्यात वीस मिनिटं झाली. मावशीनं चौथी हाक दिली, जी कधी कुणी देत नाही. मग पदर खोचला, खाली उतरली, विहीर मागं टाकली, साकवावरून पलीकडं पळाली. गुडघ्यापर्यंत चिखल.

कस्तुराबाई उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून बायाला खालपासून वरपर्यंत बघितलं. सुपातून एक खडा वेचला, अंगणात टाकला. आणखी एक वेचला. मग जवळ उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "जेवले."

बाया म्हणाली, "बरं."